आधी शर्यतीची तारीख, मग शहरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील परदेश सहलींच्या पानावर ‘युरोपात शहरे फिरा आणि सायकल शर्यतही पाहा’ असा एक छोटा मजकूर होता. कल्पना फार चांगली आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही सायकल शर्यत झाल्यापासून बडोद्यातल्या मराठी घरांतही या खेळाबद्दल कुतूहल वाढले आहे, त्यामुळे हा मजकूर योग्य वेळी आला. पण त्यात आधी विमान, मग हॉटेल, मग शहरांची यादी आणि सगळ्यात शेवटी ‘वेळ मिळाल्यास शर्यत’ असा क्रम दिला आहे. अशा सहली फसतात त्या याच क्रमामुळे. किल्ला गुरुवारी पाहिला काय किंवा शुक्रवारी पाहिला काय, किल्ला तिथेच असतो. शर्यत मात्र वर्षातून एकदा, एकाच दिवशी, ठरलेल्या घटकेला चढावरून निघून जाते. म्हणून तारखेचा खुंटा आधी रोवायचा आणि बाकी सगळे त्याला बांधायचे. ते कसे, हे एका उदाहरणावरून सविस्तर लिहीत आहोत.

उदाहरण बेल्जियमचे घेतो. ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ ही तिथल्या फ्लँडर्स या उत्तर भागातली एका दिवसाची सायकल शर्यत १९१३ पासूनची. साधारणपणे एप्रिलच्या पहिल्या रविवारी होते, अंतर सुमारे २७० किलोमीटर. अलीकडे सुरुवात आलटून पालटून अँटवर्प आणि ब्रुज या शहरांतून होते आणि २०१२ पासून शेवट औडेनार्डे या लहान गावात होतो. महिलांची शर्यत २००४ पासून आहे आणि तीही त्याच दिवशी असते. आदल्या दिवशी, शनिवारी, याच चढांवरून हौशी सायकलस्वारांसाठी खुली राइड असते आणि तिला हजारो लोक येतात. म्हणजे शनिवारी स्वतः चालवायचे, रविवारी त्याच दगडी चढांवर व्यावसायिक स्वारांना पाहायचे आणि उरलेल्या दिवसांत गेंट, ब्रुज, अँटवर्प. सगळी अंतरे रेल्वेने तासा-दीड तासाच्या आत आहेत. सहा रात्रींत हे आरामात बसते.

आता व्हिसा. बेल्जियमसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. एप्रिलच्या शर्यतीसाठी खिडकी उघडते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे गरबा चालू असतो किंवा नुकताच संपलेला असतो तेव्हा. निर्णयाला नियमाने १५ दिवस, गरज पडल्यास ४५ दिवस लागू शकतात. शिवाय भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात. उत्तरायणाचे पतंग उतरायच्या आत अर्ज गेलेला असावा, हा आमचा हिशेब. मोठ्यांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५. अर्ज-केंद्राचे पैसे वेगळे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. अर्ज जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. पॅरिसला विमान स्वस्त मिळाले म्हणून तिकीट फ्रान्सचे, अर्जही फ्रान्सकडे आणि रात्री मात्र बेल्जियममध्ये, असा घोळ केला की कागदपत्रे एकमेकांशी जुळत नाहीत आणि अर्ज तिथेच अडतो. राइडच्या नोंदणीची पावती अर्जाला जरूर जोडावी. सहलीचा हेतू आणि तारखा त्यातून आपोआप स्पष्ट होतात.

विम्याबाबत सगळ्यात जास्त गाफीलपणा दिसतो. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, ते बहुतेक पॉलिसींत असतेच. पण त्याच पॉलिसीत बारीक अक्षरांत ‘स्पर्धा अथवा साहसी खेळात भाग घेतल्यास संरक्षण नाही’ असे कलम असू शकते. शनिवारी दगडांवर पडून गळपट्टीचे हाड मोडले तर हे कलम आडवे येते. सायकल राइड धरली आहे का, हे विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्यावे. फोनवरचे ‘हो साहेब, सगळं कव्हर आहे’ काही कामाचे नाही.

विमान निवडताना आणखी एक ध्यानात घ्यावे. शेंगेन हद्दीत जिथे पहिले पाऊल पडते तिथे सीमा तपासणी होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या पद्धतीत पासपोर्टवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलणार असाल तर ही रांग तिथेच लागते, म्हणून दोन विमानांत किमान तीन तास ठेवावेत. आखातातून गेलात तर रांग ब्रुसेल्सला लागते आणि पुढचे विमान चुकण्याची धास्ती राहत नाही. सायकल बरोबर असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. वेगवेगळी तिकिटे असली की मध्येच खोके उतरवून, पुन्हा रांग लावून, पुन्हा पैसे भरून चढवावे लागते.

सायकल न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? एकाच राइडसाठी जाणाऱ्याने भाड्यानेच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपले पॅडल, बूट, हेल्मेट आणि जमल्यास सीट एवढे बरोबर न्यायचे. सीटची उंची (पॅडलचे दोन्ही दांडे जिला जोडलेले असतात त्या फ्रेममधल्या धुरीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, मिलिमीटरमध्ये) आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचे अंतर मोजून दुकानाला आधी कळवायचे. सायकल ताब्यात घेताच ब्रेक तपासायचे: तिथे साधारणपणे डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजवा. सवयीने डावा जोरात दाबला आणि पुढचे चाक अडले की स्वार थेट हँडलवरून पुढे जातो. पहिला अर्धा तास मोकळ्या जागेत चालवून हात बसवून घ्यावा.

स्वतःची सायकल न्यायचीच असेल तर खोक्यात भरताना चुका कुठे होतात ते सांगतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. चाकाच्या पुढच्या दिशेला फिरवले की ते घट्ट होते आणि जोर लावून लावून शेवटी आटे जातात. मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगरवरून, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या छोट्या पट्टीवरून सोडवून, फडक्यात गुंडाळून, मागच्या त्रिकोणाच्या आत बांधायचा. तो बाहेर राहिला तर खोके आडवे आदळताच हँगर वाकतो आणि मग गिअर एका जागी ठरत नाहीत. जादा हँगर बरोबर हवाच, कारण प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि शनिवारी सकाळी परक्या गावात आपल्या फ्रेमचा हँगर सापडत नाही. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाके काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लास्टिकची पाचर घालायची. रिकाम्या जागी चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन बसतात आणि चाक आत जातच नाही. फॉर्कच्या दोन पायांमध्येही तसाच आधार द्यायचा. टायरमधली हवा कमी करायची, पण पूर्ण काढायची नाही, म्हणजे रिमला ठोकर लागत नाही. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच. हवा भरायचे गॅसचे छोटे नळकांडे इथून नेऊ नये, तपासणीत अडते. छोटा हातपंप पुरतो. कठीण कवचाचे खोके एकटेच दहा-बारा किलोंचे असते, त्यामुळे २३ किलोंच्या मर्यादेत हत्यारे आणि कपडे कोंबायला जागा उरत नाही. सायकल महागडी असेल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ‘ही तिथे विकत घेतली का’ हा प्रश्न उरत नाही.

बडोद्याहून अहमदाबाद विमानतळ गाठायला ९३ किलोमीटरचा एक्सप्रेस-वे आहे. मुंबईहून जायचे असेल तर एवढे मोठे खोके गर्दीच्या गाडीत डब्याच्या दारापाशी उभे करून नेण्यापेक्षा मागची सीट पडणारी गाडी ठरवावी.

आता मुख्य गोष्ट, दगड. तिथल्या चढांवर घडीव दगडांची फरसबंदी आहे, पण ती आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकसारखी सपाट नसते. प्रत्येक दगडाचा माथा गोलसर, दोन दगडांमध्ये बोटभर फट, रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता, आणि कडेच्या गटारीत चिखल. औडे क्वारेमॉन्ट हा चढ २,२०० मीटर लांब आहे, सरासरी चढ ४ टक्के, सर्वांत तीव्र ११.६. पाटरबर्ग अवघा ३६० मीटर, पण सरासरी १२.९ आणि कमाल २०.३ टक्के. कोपेनबर्ग ६०० मीटर, सरासरी ११.६ आणि कमाल २२ टक्के. आकडे वाचून छोटे वाटतात. पावागडचा चांपानेर ते माची हा रस्ता दमाच्या हिशेबाने याहून लांब आहे, आणि सराव तिथेच करावा, तोही भाविकांची गर्दी नसलेल्या दिवशी भल्या सकाळी. पण तिथे डांबर आहे. कोपेनबर्गवर ओल्या दगडांवर उभे राहून पॅडल मारले की मागच्या चाकावरचे वजन सुटते, चाक जागच्या जागी गरकन फिरते आणि पाय टेकावा लागतो. एक जण थांबला की अरुंद रस्त्यावर मागचे सगळे थांबतात. म्हणून बसूनच चढायचे, वजन मागे, हात हँडलच्या वरच्या भागावर सैल, नजर दहा मीटर पुढे. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे किमान ३२ दात्यांचा गिअर हवा. आपल्याकडच्या सपाट रस्त्यांसाठी घेतलेला २८ चा कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) तिथे तोकडा पडतो. शेवटी उतरून चालावेच लागले तर रोड बुटांच्या प्लास्टिक क्लीट (पॅडलमध्ये अडकणारे तळव्याचे तुकडे) ओल्या दगडावर बर्फासारख्या घसरतात. तळव्यात क्लीट खोल बसवलेले माउंटन बाइकचे बूट बरे.

सपाट दगडी पट्ट्यांवर मात्र उलट. तिथे एक-दोन गिअर जड ठेवून वेग टिकवायचा आणि रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरून जायचे. वेग गेला की प्रत्येक दगड वेगळा लागतो.

टायरमधल्या हवेबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. बडोद्यात शंभर पीएसआय भरून फिरणारे पुष्कळ आहेत. दगडांवर एवढी हवा म्हणजे चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. पकड जाते, बोटे बधिर होतात, बाटल्या पिंजऱ्यातून उडतात. सत्तर किलोंच्या स्वाराने २८ मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरला साधारण ७५ ते ८० आणि ३२ मिलिमीटरच्या ट्यूबलेसला ५० ते ५५ पीएसआय ठेवून सुरुवात करावी. वजन जास्त तर थोडी जास्त. ट्यूबवाल्या टायरला याहून फार कमी केली की दगडाची धार आणि रिम यांच्या चिमट्यात ट्यूब सापडते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. पंक्चर काढताना अशा जुळ्या चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नये. दोष हवेचा आहे. त्यातली एकच चिकटवली की दहा मिनिटांत पुन्हा टायर बसते, म्हणून सरळ ट्यूब बदलावी. दोन जादा ट्यूब बरोबर हव्यात. बाटलीचा पिंजरा आदल्या रात्री हाताने दाबून घट्ट करावा.

शनिवारची राइड रस्ते बंद करून होत नाही. वाहतूक चालू असते, सिग्नल पाळावे लागतात. उजवीकडून चालवायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. पण खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा तिथला नियम ठाऊक नसतो आणि अपघात तिथेच होतात. निळ्या गोलात पांढरी सायकल दिसली की त्या पट्टीवरूनच जाणे बंधनकारक. गेंटमध्ये ट्रामच्या रुळांना शक्य तितके काटकोनात ओलांडायचे. तिरके गेले की चाक खाचेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने सर्वांत लहान मार्ग घ्यावा. २०० हून अधिक किलोमीटरचा लांब मार्ग घेतला तर रविवारी उभे राहण्याची ताकद उरत नाही.

रविवारी कुठे उभे राहायचे? शेवटच्या रेषेपाशी जाण्याचा मोह होतो, पण तिथे काही सेकंदांत सगळे संपते. औडे क्वारेमॉन्टवर पुरुषांची शर्यत तीनदा येते. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत साधारण दोन तासांचे अंतर पडते, दुसऱ्या आणि तिसऱ्यात तासाभराचे. तिसऱ्या वेळी शेवट जेमतेम १७-१८ किलोमीटरवर असतो, आणि अलीकडे निकालाची घडी बहुधा इथे किंवा पुढच्या पाटरबर्गवर बसते. पाटरबर्गच्या माथ्यापासून शेवट सुमारे १३ किलोमीटर. क्वारेमॉन्टवर काही तंबू तिकिटाचे आहेत, पण रस्त्याची कडा सर्वांसाठी मोकळी आहे. मधल्या, तीव्र दगडी भागात उजव्या-डाव्या कुठल्याही बाजूला जागा धरावी; तिथे वेग कमी असतो आणि चेहरे दिसतात. आधी हेलिकॉप्टरचा आवाज वाढत जातो, मग मोटारसायकली, आणि मग साखळ्या दगडांवर खडखडतात तो आवाज. टीव्हीवर तो कधीच नीट येत नाही. त्या क्षणी मोबाइल खाली ठेवावा, हात रस्त्यात काढू नये.

भाड्याची मोटार घेऊन जाणाऱ्यांची इथे फसगत होते. सकाळपासून आसपासचे रस्ते बंद असतात. रेल्वेने औडेनार्डेला उतरून सायकलने किंवा बसने जावे. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेत सायकलचे वेगळे तिकीट काढावे लागते, घडीच्या सायकलला लागत नाही. हजारो लोक एकाच शेतात उभे असल्याने मोबाइलचे नेटवर्क बसते. नकाशा आणि परतीच्या गाड्यांच्या वेळा आधी उतरवून ठेवाव्यात. एप्रिलमध्ये तिथे सकाळी पाच-सहा अंश, वारा आणि पाऊस सहज असतो. बडोद्याच्या ३८ अंशांतून जाणाऱ्याने पावसाळी जॅकेट, लोकरी मोजे आणि हातमोजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नव्हे, केबिन बॅगेत ठेवावेत. घड्याळाकडेही लक्ष असावे: मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथले घड्याळ एक तास पुढे जाते. २०२४ ची शर्यत नेमकी त्याच दिवशी, ३१ मार्चला होती.

मुक्काम सगळ्या रात्री गेंटमध्येच ठेवावा. औडेनार्डेतल्या खोल्या फार आधी भरतात, आणि रोज सायकलचे खोके घेऊन हॉटेल बदलणे म्हणजे अर्धा दिवस गेला. गुरुवारी पोहोचल्यास आणखी एक फायदा: गेंटने २००९ पासून गुरुवार हा शाकाहाराचा वार म्हणून चालवला आहे, आणि एरवीही तिथे शाकाहारी जेवण सहज मिळते. मात्र बेल्जियमचे प्रसिद्ध बटाट्याचे तळलेले काप पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. ‘वनस्पती तेलात तळता का’ हे दरवेळी विचारावे. ही गोष्ट पुरवणीतल्या मजकुरात यायलाच हवी होती. रविवारी बरीच दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी सामान भरावे. इथून भाखरवडी, लीलो चिवडा, ठेपले खुशाल न्यावेत. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, तेव्हा पेढे, श्रीखंड आणि तूप घरीच राहू द्यावे.

शहरांबद्दल थोडक्यात, कारण त्यांची माहिती सगळीकडे मिळते. गेंटच्या सेंट बाव्हो चर्चमध्ये व्हॅन आइक बंधूंचे १४३२ साली पुरे झालेले वेदीचित्र आहे. त्यातली एक फळी १९३४ मध्ये चोरीला गेली, ती आजवर सापडलेली नाही; तिथे आता नक्कल बसवली आहे. वेळेचे तिकीट आधी काढावे. कमाटी बागेतल्या संग्रहालयात युरोपीय चित्रांपुढे थांबणाऱ्या बडोदेकराला या चित्रासमोर तासभर कमी पडेल. ब्रुजचा ८३ मीटरचा घंटा-मनोरा ३६६ पायऱ्यांचा आहे. राइडच्या दुसऱ्या दिवशी गुडघे त्याला नकार देतात, म्हणून तो शुक्रवारीच चढावा. अँटवर्पचे १९०५ चे रेल्वे स्थानक पाहण्यासाठीच गाडीतून उतरावे. त्याच्या शेजारीच हिऱ्यांचा बाजार आहे आणि तिथे पालनपूरच्या व्यापारी कुटुंबांमुळे गुजराती कानावर पडते. हातात एक दिवस जादा असेल तर गेंटहून औडेनार्डेपर्यंत स्केल्डे नदीच्या काठाने सायकलवरून जावे, सगळा रस्ता सपाट. फ्लँडर्सभर सायकल मार्गांच्या नाक्यांना आकडे दिले आहेत. निघताना आकड्यांची ओळ कागदावर लिहून हँडलला चिकटवली की नकाशाही लागत नाही.

शाळकरी मुले असलेल्या घरांना एप्रिल गैरसोयीचा आहे. त्यांनी मे महिन्यातील जिरो द’इटालिया या इटलीतल्या अनेक टप्प्यांच्या शर्यतीचा विचार करावा. आपल्याकडची उन्हाळी सुट्टी तेव्हा लागलेली असते. २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये तिचा शेवटचा टप्पा रोममध्ये शहरातल्या शहरात फेऱ्या मारत झाला, त्यामुळे एका जागी उभे राहून स्वार पुन्हा पुन्हा दिसतात. मार्ग दरवर्षी बदलतो, तो जाहीर झाल्यावरच तिकीट काढावे. इटलीत हौशी राइडमध्ये उतरायचे असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात, तेही आधी पाहून ठेवावे. लांबचा व्हिसा नको असेल त्यांच्यासाठी फेब्रुवारीत संयुक्त अरब अमिरातीतली यूएई टूर ही शर्यत आहे, ती २०१९ पासून होते आणि जेबेल हाफीतचा चढ तिच्यात असतो.

आपल्याला एक विनंती आहे. परदेश सहलींचे हे पान मार्च-एप्रिलमध्ये छापून येते, तोवर त्या वर्षीच्या शर्यतींसाठी व्हिसाची वेळ टळून गेलेली असते. हेच पान दसऱ्याच्या सुमारास छापावे, त्यात पुढच्या वर्षीच्या शर्यतींच्या जाहीर झालेल्या तारखा द्याव्यात आणि प्रत्येकीसमोर व्हिसा अर्जाचा पहिला आणि शेवटचा दिवस मांडावा. तारखांची तपासणी करून तक्ता तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

कळावे,
बडोद्यातील काही सायकलस्वार वाचक